कोकणात उभा केलेला कॅम्पर ट्रेलर रात्रीतून का कलतो: कारण शोधण्याची पद्धत आणि उपाय

संध्याकाळी पाणसळ लावून, चारही कोपऱ्यांचे जॅक टेकवून नीट उभा केलेला कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची राहण्याची खोली, सकाळी एका अंगाला कललेला आढळतो. जॅक फिरवून तो पुन्हा सरळ करावा, तर दुसऱ्या दिवशी तोच कोपरा पुन्हा खाली गेलेला असतो. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगत ट्रेलर उभा करणाऱ्यांकडून हीच तक्रार वारंवार ऐकू येते आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तक्रार करणारा जॅकलाच दोष देत असतो. जॅक क्वचितच दोषी असतो. दोष बहुधा जॅकखालच्या जमिनीत असतो, किंवा स्थिर ठेवण्यासाठी दिलेल्या जॅकवर वजन उचलण्याचे काम टाकण्यात असतो. म्हणून सकाळी कल दिसला की लगेच हँडल हातात घेऊ नये. काय खाली गेले आणि किती गेले हे मोजण्याआधी जॅक फिरवला, तर कारण सांगणारी खूणच नाहीशी होते आणि तोच प्रकार पुढच्या रात्री पुन्हा घडतो.

किती कल चालवून घ्यावा हे आधी ठरवलेले बरे, नाहीतर माणूस दोन-चार मिलिमीटरच्या मागे लागून दमतो. एक अंश कल म्हणजे दर मीटरला सुमारे साडेसतरा मिलिमीटर. दोन चाकांमधले अंतर १.८ मीटर असेल तर एका अंशाला एक चाक दुसऱ्यापेक्षा साधारण ३१ मिलिमीटर खाली असते. एवढा कल झोपताना जाणवतो, न्हाणीतले पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचते आणि तव्यावर घातलेले घावनाचे पीठ एका कडेला ओघळते. अर्धा अंश मात्र बहुतेकांना कळतही नाही. माझ्या मते अर्ध्या अंशाच्या आत ट्रेलर असेल तर त्याला हात लावू नये.

फ्रिज कोणत्या प्रकारचा आहे हे मात्र पाहावे लागते. गॅसवरही चालणाऱ्या, शोषण पद्धतीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांचे मिश्रण असते. त्यात पंप नसतो आणि द्रव केवळ नळ्यांच्या उतारावरून खाली येतो. ट्रेलर फार कलला की हा द्रव मध्येच साचतो, थंडावा कमी होतो आणि तशाच अवस्थेत फ्रिज दीर्घकाळ चालू राहिला तर नळ्या कायमच्या निकामी होऊ शकतात. अशा अनेक जुन्या फ्रिजसाठी एका दिशेने ३ अंश आणि दुसऱ्या दिशेने ६ अंश ही मर्यादा दिलेली असते, तथापि आपल्या फ्रिजच्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा. बारा व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज असेल तर ही चिंता बरीच कमी होते.

काय खचले हे कसे मोजावे

फोनवरचे पातळी दाखवणारे ॲप जागेवर अंदाज घ्यायला पुरेसे आहे, पण फोनच्या पाठीवरच्या कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे तो सपाट बसत नाही. त्यामुळे तो रंधलेल्या सरळ फळीवर, कॅमेरा फळीच्या कडेबाहेर राहील असा ठेवावा. कारण शोधण्यासाठी मात्र गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल पाइप सर्वांत भरवशाची आहे. दहा मीटर पारदर्शक नळी कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिच्यात पाणी भरून आतले बुडबुडे पूर्ण काढावेत, कारण एक बुडबुडाही माप चुकवतो. नळीचे एक टोक जवळच्या न हलणाऱ्या वस्तूवर, म्हणजे घराच्या जोत्यावर किंवा विहिरीच्या कठड्यावर खडूने केलेल्या खुणेशी धरावे आणि दुसरे टोक ट्रेलरच्या चारही कोपऱ्यांशी नेऊन पाण्याच्या रेषेपासून चॅसीच्या (ट्रेलरच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या) खालच्या कडेपर्यंतचे अंतर वहीत लिहून ठेवावे. त्याच वेळी आणखी तीन मापे घ्यावीत: प्रत्येक चाकाच्या रिमची खालची कड जमिनीपासून किती उंच आहे, प्रत्येक जॅकच्या पायापासून चॅसी किती उंच आहे, आणि जॅकखालच्या फळीचा माथा पाण्याच्या रेषेपासून किती खाली आहे. हे सारे झोपण्यापूर्वी एकदा करावे आणि सकाळी आतले सगळे जण खाली उतरल्यावर पुन्हा करावे.

आता मापे स्वतःच बोलू लागतात. कोपरा २० मिलिमीटर खाली गेला आणि त्याखालची फळीही तेवढीच खाली गेली असेल, तर जमीन खचली आहे. फळी जागच्या जागी आहे पण जॅकच्या पायापासून चॅसीपर्यंतचे अंतर कमी झाले आहे, तर जॅक घसरला किंवा वाकला आहे. फळी आणि जॅक दोन्ही ठीक असून रिम जमिनीच्या जवळ आली असेल, तर टायरची हवा उतरते आहे. कोपरा खाली न जाता उलट समोरचा कोपरा वर गेलेला दिसला, तर बहुधा एका जॅकने चॅसी गरजेपेक्षा जास्त उचलून धरली होती आणि पिळलेली चॅसी रात्रीतून सैल झाली. या मापांसाठी लागणारा वेळ पहिल्याच दिवशी वसूल होतो.

जमीन

कोकणातली जमीन दहा पावलांवर बदलते, त्यामुळे चार कोपरे चार प्रकारच्या जमिनीवर असण्याची शक्यता इथे देशावरच्यापेक्षा कितीतरी जास्त असते. सगळे कोपरे सारखे खचले तर ट्रेलर कलतच नाही. अडचण एकाच कोपऱ्याच्या खचण्याने होते, म्हणून प्रश्न नेहमी असा विचारावा की या कोपऱ्याखाली इतरांपेक्षा वेगळे काय आहे.

सर्वांत फसवी जागा म्हणजे उतारावर सपाट केलेले अंगण किंवा प्लॉट. डोंगराच्या बाजूची जमीन खोदून तीच माती समुद्राच्या किंवा वहाळाच्या बाजूला टाकलेली असते. वरून दोन्ही भाग एकसारखे लाल आणि कठीण दिसतात, पण खोदलेला भाग मूळ जांभ्यावर (इथल्या लाल, सच्छिद्र खडकावर) असतो आणि भरावाचा भाग एक-दोन पावसाळे खाऊनही बसत राहतो. ट्रेलरची एक बाजू कातळावर आणि दुसरी भरावावर आली की तो रोज रात्री त्याच दिशेला, म्हणजे उताराकडे झुकतो. ओळख सोपी आहे: पहार घेऊन दोन्ही बाजूंना सारख्याच जोराने मारावी. एका बाजूला ती खणकन आवाज करून थांबते आणि दुसऱ्या बाजूला वीतभर आत जाते. उपाय म्हणून फळी मोठी करण्यापेक्षा ट्रेलर आडवा फिरवून संपूर्ण खोदलेल्या बाजूवर घेणे केव्हाही चांगले. जागा नसेलच तर भरावाच्या बाजूला हाताएवढा रुंद आणि वीतभर खोल खड्डा घेऊन त्यात मुरूम व खडी दोन-तीन थरांत घालावी, प्रत्येक थर धुम्मसाने चोपावा आणि त्यावर फळी ठेवावी. भरावाच्या कडेला दगडी गडगा असेल तर चाक किंवा जॅक गडग्यापासून निदान त्याच्या उंचीइतका आत ठेवावा, कारण वजन कडेजवळ आले की ते गडग्याला बाहेर ढकलते.

किनाऱ्यालगतच्या सुरूच्या बनात किंवा पुळणीमागच्या (वाळूच्या किनाऱ्यामागच्या) पट्ट्यात वेगळाच प्रकार होतो. प्रत्यक्ष पुळणीवर ट्रेलर नेऊच नये. अनेक ठिकाणी त्याला मनाई आहे, आणि वेळास, आंजर्ले, गुहागर यांसारख्या ठिकाणी हिवाळ्यात कासवे तिथे अंडी घालतात. पण पुळणीच्या मागची जागाही भरतीपासून पूर्णपणे सुटलेली नसते. समुद्राला भरती आली की वाळूतल्या पाण्याची पातळीही थोडी उशिराने वर येते, आणि ते पाणी जॅकच्या पायापर्यंत पोहोचले की त्या वाळूची वजन पेलण्याची क्षमता जवळजवळ निम्मी होते. तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती हा कोकणातला जुना हिशेब इथे उपयोगी पडतो. त्या हिशेबाने अष्टमीला सहाच्या सुमारास भरती असते, तर पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. म्हणजे उधाणाच्या दिवसांत आपण संध्याकाळी सहाला ट्रेलर लेव्हलला आणतो तेव्हा ओहोटी असते आणि वाळू सर्वांत कोरडी व घट्ट असते. मध्यरात्री, सगळे झोपलेले असताना, तीच वाळू भिजते आणि समुद्राकडचा कोपरा बसतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत तीच जागा त्रास देत नाही, त्यामुळे गेल्या वेळी इथे काही झाले नव्हते असे म्हणून लोक गोंधळतात. अशा जागी शक्यतो भरतीच्या वेळी ट्रेलर लेव्हलला आणावा. तसे जमले नाही तर मध्यरात्रीची भरती होऊन गेल्यावर सकाळी एकदा शांतपणे दुरुस्त करावा. पहिल्या एक-दोन भरत्यांत वाळू बसून घेते, मग खचण्याचे प्रमाण बरेच कमी होते.

नारळ-पोफळीच्या वाडीत भरतीची भूमिका शिंपणे करते. गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत मित्राचा ट्रेलर रोज सकाळी मागच्या डाव्या कोपऱ्यावर बोटभर खाली जात असे आणि दिवसा कितीही पाहिले तरी जमीन कोरडी दिसत असे. पहाटे बॅटरी घेऊन वाकून पाहिले तेव्हा जॅकच्या फळीभोवती ओल्या मातीचे गडद वर्तुळ होते आणि फळीच्या एका कडेखालून बारीक बुडबुडे वर येत होते. शेतीपंपाला थ्री-फेज वीज रात्रीची मिळत असल्यामुळे पंप रात्री चालू होई. पाटाचे पाणी पोफळींच्या आळ्यांतून वाहत ट्रेलरखाली एका उंदराच्या बिळात शिरे आणि उन्हाने सकाळी नऊपर्यंत वरची माती सुकून जाई. ट्रेलर तीन पावले पुढे घेतला, बीळ खडीने बुजवले, आणि तो कोपरा पुन्हा खाली गेला नाही. वाडीत ट्रेलर लावताना मालकाला शिंपण्याची वेळ आणि पाटाची दिशा विचारून घ्यावी. आळ्याच्या कडेपासून निदान दीड मीटर दूर राहावे. नारळाखाली तर ट्रेलर लावूच नये. नुसते नारळ पडण्याचाच धोका असतो असे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा वाड्यांमधली उभी झाडे मुळासकट आडवी झाली, हे श्रीवर्धन-दिवेआगरच्या बागायतदारांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

खाडीकाठचे खाजण (खाऱ्या पाण्याची दलदलीची जमीन) आणि भाताची खाचरे यांविषयी थोडक्यात सांगता येईल: टाळावीत. कापणीनंतर खाचराचा पृष्ठभाग भेगाळून दगडासारखा कठीण होतो, पण ते वरचे कवच आहे. चाकाखाली ते फुटले की खाली मऊ चिकणमाती लागते आणि मग फळ्यांची चळत लावूनही उपयोग होत नाही.

जांभ्याचा सडा, म्हणजे उघडे कातळी पठार, ही ट्रेलरसाठी कोकणातली सर्वांत चांगली जमीन आहे. कातळ खचत नाही. मात्र त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि खोलगट जागी बारीक खडी साचलेली असते, म्हणून जॅकचा पाय प्रत्यक्ष कातळावर टेकला आहे की खडीवर तरंगतो आहे हे हाताने झाडून पाहावे. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर जागा निवडताना आणखी एक काळजी अत्यावश्यक आहे. या परिसरात प्राचीन कातळशिल्पे आहेत, २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्यांचा समावेश झाला आहे, आणि त्यांतली कित्येक गवत-मातीखाली अर्धवट झाकलेली असतात. कातळावर कोरलेली रेषा दिसली की तिथून ट्रेलर मागे घ्यावा. चाकाने किंवा जॅकच्या टोकाने उडालेला कपचा परत बसवता येत नाही.

जॅकखाली काय ठेवावे

गणित साधे आहे. एका कोपऱ्यावर २५० किलो भार आला आणि जॅकचा पाय १५ सेंटिमीटर बाय १५ सेंटिमीटर असला, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १.१ किलो भार येतो. त्याखाली ३० बाय ३० ची फळी ठेवली तर तोच भार ०.२८ किलोवर, म्हणजे एक चतुर्थांशावर येतो. पण फळी जाड असली तरच हे खरे. पातळ प्लाय मधोमध वाकतो आणि कडा हवेत राहतात, मग ३० बाय ३० चा आकार नावापुरताच उरतो. १९ मिलिमीटरचे दोन मरीन प्लाय, एकाच्या रेषा दुसऱ्याला काटकोनात येतील असे, स्क्रूने जोडून घ्यावेत, किंवा ऐनासारख्या कठीण लाकडाची दीड-दोन इंची फळी वापरावी. पेट्यांची आंब्याची फळकुटे स्वस्त मिळतात, पण ती दमट हवेत लवकर कुजतात आणि जॅकचा पाय त्यांत रुततो.

कोकणात हाताशी असणारी वस्तू म्हणजे चिरा, जांभ्याचा घडवलेला दगड, आणि बहुतेक जण तोच जॅकखाली सरकवतात. चिरा वाईट नाही, पण त्याचा स्वभाव माहीत हवा. खाणीतून नुकताच काढलेला जांभा मऊ असतो आणि हवेत राहून कठीण होत जातो, शिवाय त्यात पोकळ्या आणि मातीच्या नसा असतात. जॅकचा लहान लोखंडी पाय थेट चिऱ्यावर टेकला की भार एका बिंदूवर येतो, आणि पावसात भिजलेला चिरा तिथे भुगा होऊन पाय त्यात उतरतो. असा चिरा वरून अखंड दिसतो. जॅक वर घेतल्यावरच पायाच्या आकाराची खळी आणि तिच्यात ओला लाल चिखल दिसतो. म्हणून चिरा जुना, सुकलेला आणि अखंड निवडावा, तो उभा न ठेवता रुंद बाजूवर आडवा ठेवावा, आणि चिरा व जॅक यांच्यामध्ये फळी घालावी. दोनपेक्षा अधिक चिरे एकावर एक रचण्याची वेळ आली तर जागाच बदलावी.

लेव्हलला आणण्याचा क्रम

क्रम चुकला की चांगल्या जमिनीवरही ट्रेलर कलतो. आधी आडवी पातळी साधावी, म्हणजे डावे-उजवे चाक समान उंचीवर आणावे, आणि हे ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच करावे. खालच्या बाजूच्या चाकासमोर फळ्या किंवा उताराचे ठोकळे ठेवून ट्रेलर त्यांवर हळूहळू चढवावा. टायर पूर्ण रुंदीने फळीवर आला पाहिजे. अर्धा बाहेर लोंबत राहिला तर त्याची बाजू फुगून कायमची कमकुवत होते. एका बाजूला दोन चाके असतील तर दोन्ही सारखीच उचलावी लागतात. शंभर मिलिमीटरपेक्षा अधिक उचलावे लागत असेल तर ती जागा योग्य नाही असे समजावे. त्यानंतर चाकांना पुढून आणि मागून पाचरी घट्ट ठोकाव्यात, हँडब्रेक लावावा आणि मगच ट्रेलर गाडीपासून सोडवावा. पाचर न लावता सोडवलेला ट्रेलर उतारावर पळतो, आणि त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही.

मग पुढच्या दांड्यावरचा जॅक किंवा जॉकी व्हील (उभ्या नळीच्या टोकाला लहान चाक असलेला जॅक) फिरवून पुढची-मागची पातळी साधावी. पाण्याची टाकी याआधीच भरून घ्यावी, कारण शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि ते एका बाजूला असेल तर लेव्हल झाल्यावर टाकी भरणे म्हणजे केलेले काम पुसणे होय. सर्वांत शेवटी चार कोपऱ्यांचे स्टॅबिलायझर खाली घ्यावेत. त्यांचे काम ट्रेलरला डुलू न देण्याचे आहे. वजन चाकांवर आणि पुढच्या जॅकवरच राहिले पाहिजे. पाय फळीला घट्ट टेकल्यावर अर्धा फेरा अधिक द्यावा आणि थांबावे. कोपरा उचलला जाईपर्यंत हँडल फिरवणाऱ्यांच्या ट्रेलरचे दार काही दिवसांनी चौकटीत अडकू लागते, खिडकीच्या रबराला एका कोपऱ्यात फट दिसते आणि छताच्या सांध्यातून पावसाचे पाणी आत येते. दार अडकू लागले की कानशी घेऊन ते घासण्याआधी चारही स्टॅबिलायझर एकदा पूर्ण सैल करून पाहावेत. दार सुटले तर दोष दाराचा नव्हता.

जमीन ठीक असताना

मापांनी जमिनीला निर्दोष ठरवले तर आधी जॉकी व्हीलचा पकड-पट्टा तपासावा. खाऱ्या हवेने त्याचा बोल्ट गंजतो, हाताला घट्ट लागतो पण जॉकी व्हीलच्या नळीला धरत नाही, आणि नळी रात्रभर कणाकणाने खाली घसरते. नळीवर पट्ट्याच्या वरच्या कडेला मार्करने रेघ ओढून ठेवली तर सकाळी उत्तर मिळते. बोल्ट बदलणे स्वस्त आहे, तो वेळेवर बदलावा. तोवर पुढच्या दांड्याखाली चिरा व फळीचा स्वतंत्र आधार द्यावा, म्हणजे सगळा भार त्या नळीवर राहणार नाही. वाळूत जॉकी व्हीलचे लहान चाक सहज रुतते, त्यामुळे त्याच्याखालीही फळी हवीच.

टायरच्या बाबतीत दोन्ही बाजूंची हवा सकाळी, ऊन लागण्यापूर्वी मोजावी. तापमान दहा अंशांनी बदलले की हवेत सुमारे दोन पौंडांचा फरक पडतो. त्यामुळे दुपारी ऊन लागणारी बाजू किंचित उचललेली वाटली तर तो दोष नव्हे. रात्रीतून एकाच टायरची हवा उतरत असेल तर व्हॉल्व्हला साबणाचे पाणी लावून पाहावे.

ट्रेलर कलत नाही, पण आत कोणी चालले की डुलतो, ही तक्रार निराळी आहे आणि तिचा जमिनीशी संबंध कमी असतो. टायर आणि स्प्रिंगचे पाटे दबतात-उचलतात म्हणून तो डुलतो, आणि पाचरी सैल असल्या तर पुढे-मागेही सरकतो. एकाने आतून पावले टाकावीत आणि दुसऱ्याने बाहेर बसून सर्वांत आधी काय हलते ते पाहावे. चाक पाचरीत पुढे-मागे होत असेल तर पाचर ठोकावी. स्टॅबिलायझरचा पाय फळीवरून क्षणभर सुटत असेल तर पाव फेरा द्यावा, आणि जॅकच्या खिळीत खडखड असेल तर खीळ बदलावी. दाराच्या पायरीखाली एक पक्का ठोकळा सरकवला तरी चढताना बसणारा धक्का बराच कमी होतो. सड्यावर वारा फार असतो. तिथे ट्रेलरचे तोंड वाऱ्याकडे करावे आणि रात्री छत्री-पडदा (ट्रेलरच्या बाजूला सावलीसाठी बाहेर काढलेले कापड) गुंडाळून ठेवावा.

पावसाळ्यात

पावसाळ्यात ट्रेलर कोकणात ठेवायचा असेल तर तात्पुरत्या फळ्यांवर विसंबू नये. रत्नागिरी परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. या पाण्याचा सर्वांत मोठा घाव छतावरून पडणाऱ्या पागोळ्यांचा असतो. ट्रेलरचे छत किंवा त्याला लावलेला पडदा ज्या कडेने गळतो, ती कड पुष्कळदा नेमकी मागच्या जॅकच्या वर येते. जॅकच्या फळीच्या कडेला आधी बोटाएवढी खळगी पडते, मग पाणी फळीखाली शिरून बारीक माती घेऊन जाते आणि फळी एका बाजूने पोकळ होते. पाऊस सुरू असताना छत्री घेऊन एकदा फेरी मारावी आणि पागोळ्या कुठे पडतात ते पाहावे. एवढ्यानेच अर्धे काम होते. पागोळ्या पडतात तिथे खडी पसरावी किंवा छताला पन्हळ लावून पाणी दूर न्यावे, आणि ट्रेलरच्या डोंगराकडच्या बाजूला उताराचे पाणी अडवून वळवणारा चर मे महिन्यातच खणून ठेवावा.

चार महिन्यांसाठी चाकांखाली काँक्रीटच्या दोन पट्ट्या आणि कोपऱ्यांखाली काँक्रीटच्या बैठकीवर सिमेंटात बसवलेले चिऱ्यांचे चार बुटके चौथरे करून घेणे हा खर्च योग्य आहे. घरचा गवंडी ते सहज करून देतो, आणि चौथऱ्यांचे माथे लेव्हल पाइपने एकदा जुळवून घेतले की दरवर्षी जॅकची झटापट करावी लागत नाही. चक्रीवादळाचा इशारा असेल तर मात्र कोणतीही बैठक पुरेशी नाही. अशा वेळी ट्रेलर किनाऱ्यापासून आत, घाटाच्या दिशेने वेळेवर हलवावा आणि हलवणे शक्य नसेल तर माणसांनी त्यात थांबू नये.

जॅकची निगा राखताना किनाऱ्यावर एक गोष्ट उलटी होते. गंज लागू नये म्हणून आट्यांवर भरपूर ग्रीस चोपडले जाते, त्या ग्रीसला उडणारी वाळू चिकटते आणि मग प्रत्येक फेऱ्याला आटे घासले जातात. म्हणून नवे ग्रीस लावण्यापूर्वी जुने रॉकेल लावलेल्या फडक्याने पूर्ण पुसावे आणि नवा थर पातळच लावावा. वाळूच्या जागेवरून परतल्यावर जॅक गोड्या पाण्याने धुऊन, उन्हात सुकवून मगच हे करावे. जॅकवर किंवा जॉकी व्हीलवर तोललेल्या ट्रेलरखाली मात्र कोणत्याही कामासाठी शिरू नये. खाली जायचेच असेल तर चॅसीला पक्के स्टँड लावावेत.

निघताना क्रम उलटा होतो: आधी चारही स्टॅबिलायझर पूर्ण वर, मग ट्रेलर गाडीला जोडणे, त्यानंतर जॉकी व्हील वर घेणे, आणि सर्वांत शेवटी पाचरी काढणे. एखादा स्टॅबिलायझर खाली राहिला तर तो पहिल्याच उंचवट्याला वाकतो. म्हणून गाडी सुरू करण्यापूर्वी ट्रेलरभोवती पूर्ण फेरी मारून प्रत्येक जॅक हाताने हलवून पाहावा. फळ्या उचलल्यावर त्यांच्या खालच्या बाजूला किती माती चिकटली आहे आणि खड्डा किती खोल पडला आहे हे पाहून वहीत त्या जागेपुढे लिहून ठेवावे, आणि खड्डे तिथल्याच मातीने चोपून बुजवावेत.